दादाचा उजवा हात आणि नवा सर्व्हो

माझा धंदा वजनकाटे जुळवण्याचा. दुकानातले, गोदामातले, औषधं मोजायचे. काटा चुकत असेल तर त्याला कारण असतं आणि ते कारण स्क्रू-ड्रायव्हरने शोधून काढता येतं, या एका समजुतीवर मी आजवर पोट भरत आलो. दादा म्हणायचा, "याला भूत दिसलं तर हा आधी त्याचं वजन करील." तेव्हा पुढे जे सांगतोय ते मी सहजासहजी मान्य केलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

दादाला अर्धांगाचा झटका आला त्याला चार महिने झाले होते. जीभ शाबूत राहिली, पाय सावरला, उजवा हात मात्र गेला. मांडीवर ठेवावा तसा पडून राहायचा. याच हाताने त्याने तीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवल्या होत्या आणि दर रविवारी आमच्या क्लबमध्ये रिमोटवरच्या शर्यतीच्या गाड्या पळवल्या होत्या. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्या हाताला सवयीचं काहीतरी द्या. हलला तर तिथूनच हलेल." दादाने लगेच गाडी आणि रिमोट कपाटातून काढायला लावले. रिमोटच्या बाजूला एक छोटं चक्र असतं, ते उजव्या हाताने फिरवलं की गाडी वळते. वहिनीने त्याची बोटं त्या चक्रावर ठेवली. काही झालं नाही.

"हलतही असेल," दादा म्हणाला. "केसभर. त्या ढिल्या चाकांना कळत नसेल."

"गाडी तुझीच आहे."

"जुळवायचं काम तुझं आहे, काटेवाल्या."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चाकं वळवणारी काडेपेटीएवढी मोटर असते, तिला सर्व्हो म्हणतात. दादाच्या गाडीतला सर्व्हो जुना, आतले दाते झिजलेले. शिवाय तो आणि चाकं यांच्यामध्ये धक्का सोसायला एक स्प्रिंग. चक्राची बारीक हालचाल या सगळ्यात जिरून जायची. मी ठरवलं, स्प्रिंग काढून टाकायची आणि नवा, चपळ सर्व्हो थेट चाकांना जोडायचा. टक्कर झाली तर तो मोडेल, पण ही गाडी आता शर्यतीत थोडीच उतरणार होती? चक्र केसभर हललं तरी चाक हललं पाहिजे, आणि ते दादाला दिसलं पाहिजे. त्याला त्याचा हात परत हवा होता. मलाही दुसरं काही नको होतं.

बुधवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी कामाला बसलो. दादा पलीकडच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत होता आणि तिथूनच मला सूचना देत होता. स्क्रू आवळून आवळून तुटतील इथपासून ते तुझं कशात लक्षच नसतं इथपर्यंत. त्याला उत्तरं देण्याच्या नादात मी एक चूक केली. सर्व्होवर चाकं ओढणारी दांडी बसवण्याआधी त्याला करंट देऊन मध्यावर आणायचं असतं. क्लबमध्ये नवख्याला सगळ्यात आधी हेच शिकवतात. मी दांडी आधी आवळली. रिमोट आणि गाडी चालू केली तसा सर्व्हो आपला मध्य शोधायला वळला, दांडी गाडीच्या सांगाड्यावर आदळली आणि सर्व्हो तिथेच अडकून गुणगुणू लागला.

पलीकडे दादा ओरडला.

मी धावलो. त्याचं उजवं मनगट पार डावीकडे पिळलं गेलं होतं, शिरा टरारल्या होत्या. वहिनी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच आली. "हलला! भाऊजी, हलला हो हात!" दादा कळवळत होता आणि हसतही होता. सर्व्हो जळेल म्हणून मी परत टेबलाकडे गेलो आणि गाडी बंद केली.

"गेला," आतून दादाचा आवाज आला. "सैल पडला."

योगायोग म्हणून मी तो सोडून दिला. दांडी काढली, नीट मध्यावर बसवली, पुन्हा चालू केली. चाकं सरळ करायला रिमोटवर एक बारीक बटण असतं, एकदा दाबलं की चाक अंशभर सरकतं. अर्ध्या उघड्या दारातून मला दादाचा हात दिसत होता. मी बटण दाबलं. मनगट अंशभर वळलं. दोनदा दाबलं, दोन अंश.

मग मी केलं ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. चिठ्ठ्या टाकून डाव्या-उजव्या अशा वीस हालचालींची यादी केली. वहिनीला वही देऊन म्हणालो, "हात कुठे हलतो ते लिहीत जा. प्रगती कळेल." मी टेबलाशी बसून चक्र फिरवत राहिलो. तिची वही आणि माझी यादी ताडून पाहिली. वीसपैकी वीस. इतका अचूक काटा मी उभ्या आयुष्यात जुळवलेला नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. चार महिन्यांनी त्या घरात माणसं मोठ्याने बोलत होती. रोज दुपारी दुकानातून निघून मी जेवणाच्या टेबलाशी बसायचो. आतून बाई म्हणायच्या, "उजवीकडे," की मी उजवीकडे फिरवायचो. "शाब्बास," त्या दादाला म्हणायच्या. मला लाज वाटायची आणि आनंदही व्हायचा. कुठला जास्त, ते मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. वाटायचं, हलता हलता एक दिवस हात स्वतःचं स्वतः शिकेल.

दादा मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. तिसऱ्या आठवड्यात वहिनी बाहेर गेलेली पाहून त्याने मला आत बोलावलं.

"हात हलतो," तो म्हणाला. "पण मी हलवत नाही. मी डावीकडे म्हणतो आणि तो उजवीकडे जातो."

मी रिमोट आणून त्याच्यासमोर धरला आणि चक्र फिरवलं. त्याने आपल्या वळणाऱ्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे तू मला पळवतोयस."

"दादा, मला वाटलं..."

"बंद कर. माझा असेल तर माझ्याने हलेल. नसेल तर पडून राहू दे."

मी रिमोटमधली बॅटरी काढली. सर्व्हो गाडीतून उचकटला, वायर गुंडाळून खिशात टाकला. दुकानात नेऊन ड्रॉवरमध्ये ठेवला.

दोन दिवस हात मेल्यासारखा पडून होता. वहिनीचा चेहरा बघवत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "हलतोय! आपणहून हलतोय, भाऊजी!"

मी ड्रॉवर उघडला. सर्व्हो होता तिथेच, होता तसाच. मी दुकानातच रडलो. मग तो बरोबर घेऊन धावत गेलो.

दादा खुर्चीत बसला होता. मनगट मांडीवर संथपणे वळत होतं. त्याच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता.

"तूच ना?" त्याने हळूच विचारलं.

मी खिशातून सर्व्हो काढून दाखवला.

"मग मीही नाही," तो म्हणाला.

आम्ही दोघं बघत राहिलो. लांब डावं वळण. दोन आखूड उजवी. मग परत फिरवणारं ते अवघड वळण. आमच्या क्लबचा ट्रॅक. जुन्या गोदामात सतरंज्या अंथरून केलेला, आम्हाला डोळे मिटून पाठ असलेला.

त्या अवघड वळणात दादा नेहमी घाईने आत घुसायचा. क्लबभर त्याची चेष्टा व्हायची. मी तर तिथे गाडी उलटवायचो. हा हात तिथे थांबला, उशिरा वळला, अलगद बाहेर पडला.

"असं कोण वळतं रे?"

"आपल्यातलं कुणी नाही," मी म्हणालो.

मी घड्याळ लावलं. एका फेरीला एकवीस सेकंद. बावीसच्या आत आमच्या क्लबमध्ये कधी कुणी आलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात वीस.

बाई खूश होत्या. "आता थांबवा बघू," त्या म्हणाल्या. दादाच्या कपाळावर घाम आला. हात थांबला नाही. "असू दे," त्या हसल्या. "उत्साह आहे त्याला."

काल दुपारी मी गेलो तेव्हा दादा डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट दाबून बसला होता. वहिनीने चहा आणून ठेवला. "अहो, हलू द्या की त्याला," ती म्हणाली. "किती दिवसांनी परत आलाय."

ती आत गेल्यावर दादाने मला हनुवटीने खाली बघायची खूण केली.

मुठीखाली मनगट वळत होतं. पण त्याला ते दाखवायचं नव्हतं. वळण संपलं की त्याच्या डाव्या हाताची तर्जनी आवळली जायची. पुढचं वळण आलं की सैल सुटायची.

रिमोट डाव्या हातात धरतात. वेगाचा खटका त्या बोटाखाली असतो.

दादाच्या डाव्या हाताला कधीच काही झालेलं नव्हतं.