काळ्या रंगाखालचं नाव

पितळी कडीत बसवलेली एक पिवळी काच.

चिवड्याचा स्टीलचा डबा. बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव: का. सी. परब.

नेलपॉलिश काढायच्या औषधाची अर्धी बाटली.

बोरीवलीच्या एका सोसायटीचा गेटपास. त्यावर लाल पेनाची फुली.

"हो, द्रौपदीमावशी कपाट पुसत होत्या. मी बघितलं."

शेवटचं वाक्य अक्षताचं. वाक्य खरं होतं. हर्षदकाकानं विचारलं, तिनं सांगितलं, आणि पंधरा मिनिटांत मावशींचं अकरा वर्षांचं काम सुटलं! एका घरातलं नव्हे, सोसायटीतल्या चारही घरांतलं.

अक्षताचे काशीरामआजोबा गिरणी बंद पडल्यावर लग्नांचे फोटो काढायचे. ते जानेवारीत गेले. त्यांचा कॅमेरा कपाटात राहिला. मे महिन्यात काकानं पेटी उघडली, तेव्हा लेन्सवर लावायचा पिवळा फिल्टर आत नव्हता.

जाताना मावशींनी एवढंच विचारलं होतं, "तू पण तसंच म्हणतेस, बाय?"

अक्षता स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली होती.

"अगं, पण पेटीत ही पावती कसली?" मावशी गेल्यावर कॅमेऱ्याची पेटी उचकटत सुयोगनं विचारलं. तो खालच्या मजल्यावरचा. दुसऱ्याच्या वस्तू उचकटण्यात पटाईत.

अक्षताच्या मैत्रिणीनं, अपूर्वानं, पावती ओढून घेतली. "अंधेरीचं दुकान! जुने कॅमेरे, सफाई, खरेदी-विक्री. काका, कॅमेरा तुम्ही दुकानात दिला होता?"

"सफाईला दिला होता. मग?" काका मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

"परत आणल्यावर पेटी उघडून बघितली?"

"दुकानदार चोर असतो का? जा, खेळा!"

तिघं जिन्यात येऊन थांबली.

"वाट लागली," सुयोग म्हणाला. "न बघताच मावशींना हाकललं यार!"

"मी हाकललं," अक्षता म्हणाली. "चला, अंधेरीला."

मेट्रोनं अर्ध्या तासात तिघं दुकानात पोचली. दुकानदार नितेशशेठनं तीन पोरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जुना पिवळा फिल्टर हवाय. साठ वर्षांपूर्वीचा," अक्षता म्हणाली.

त्यानं ट्रे पुढे सरकवला. "चारी जर्मन, चारी जुने. झकास माल!"

आजोबांचा आवाज अक्षताच्या कानात होता: आधी दिवा बघ, मग नाव वाच. तिनं पहिली काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. काचेत दिवा हिरवा-जांभळा दिसला.

"हा नवा. असले हिरवे-जांभळे लेप खूप नंतर आले."

दुसऱ्याची अक्षरं तिच्या नखाखाली सोलून निघाली. "छापलेली! जुन्यावर कोरलेली असतात." तिसरा हातात पिसासारखा होता आणि खरचटल्या जागी पांढरा चमकत होता. "ॲल्युमिनियम! आजोबांच्या फिल्टरची कडी पितळी."

"ए, तुला कोणी शिकवलं गं?" शेठचा आवाज बदलला.

चौथा जड होता. अक्षरं कोरलेली, दिव्याचं प्रतिबिंब फिकं पांढरं. पण कडीवरचा काळा रंग तुळतुळीत. अक्षतानं नाकाशी धरला. वास ताजा!

"शेठ, फिल्टर साठ वर्षांचा आणि रंग कालचा?"

"ठेव खाली!"

सुयोग काउंटर आणि अक्षता यांच्या मधे जाऊन उभा राहिला. शेठनं त्याचा दंड इतक्या जोरात पिळला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तो हलला नाही. अपूर्वानं पर्समधून नेलपॉलिश काढायच्या औषधाची बाटली काढली, रुमाल भिजवला आणि कडी घासली. काळा रंग निघाला. खाली पितळ. पितळावर ठिपके. का. सी. प...

"कसलेतरी ओरखडे आहेत," शेठ म्हणाला.

अक्षतानं पिशवीतून घरचा चिवड्याचा डबा काढून काउंटरवर उलटा आपटला. तेच ठिपके, तसाच मोडका 'प'! रुक्मिणीआजीनं भांड्यांवर नाव घालून घेतलं, त्याच दिवशी हा फिल्टरही भांडीवाल्यापुढे ठेवला होता. घरातली वस्तू, मग नाव नको? आजोबा आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते म्हणे.

"सोड त्याला!" अपूर्वा दारात जाऊन ओरडली. बाहेरचे चार लोक आत डोकावले. शेठनं हात सोडला. सुयोगच्या दंडावर चार बोटं उमटली होती.

फिल्टर घरी आला. संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष देवदत्तकाका गच्चीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "शाब्बास! पोरांनी नाव काढलं!" हर्षदकाकानं पाठ थोपटली आणि सगळ्यांना आइस्क्रीम मागवलं. अक्षताचं तसंच वितळलं.

दुसऱ्या दिवशी तिघं मावशींच्या नावाचा नवा गेटपास घेऊन मावशींच्या खोलीवर गेली. मावशी गाठोडं बांधत होत्या.

"चेंबूरला बहिणीकडे चालले. तिकडं काम बघते."

"मावशी, खरा चोर सापडला! आता सगळ्यांना कळलंय."

"अकरा वर्षं काय कळत होतं मग?" मावशींनी गाठ घट्ट ओढली. पास त्यांनी हातात घेतलाच नाही.

"माझी चूक झाली," अक्षता कशीबशी म्हणाली.

"तू खोटं नाय बोललीस, बाय. पुढचं कुणी विचारलंच नाय."

मावशींनी कुलूप लावलं, किल्ली शेजारणीकडे दिली आणि त्या गल्लीच्या टोकाला वळल्या.

पावतीवर कॅमेरा दुकानात दिल्याची तारीख सहा मे होती. मावशींनी कपाट आठ मेला पुसलं. तेव्हा कॅमेरा अंधेरीत होता.