पंचानं बोलायचं नसतं

काम तसं साधंच होतं. सासरे औषधाची डबी घरी विसरून ग्रंथालयात गेले होते. ती पोचवायची आणि जमलं तर त्यांना घेऊनच यायचं. सासूबाईंनी डबी सुनेच्या हातात ठेवली. "नव्या सुनेचं ऐकतील कदाचित," त्या म्हणाल्या. "माझं ऐकणं त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सोडलं."

सुनेनं माहेरून आणलेला मोहरीच्या रंगाचा स्वेटर चढवला आणि ती निघाली. आभाळ दुपारपासूनच मळकट झालं होतं. वारा मुळीच नव्हता.

सासरे निवृत्त कर्नल. सैन्यातून सुटले ते थेट लष्करी ग्रंथालयाचे संचालक झाले. मोहिमांचे इतिहास, जुने नकाशे, पलटणींच्या आठवणी यांत माणूस शांतपणे म्हातारा होईल असं घरच्यांना वाटलं होतं. पण मागच्या नकाशाखोलीत त्यांनी एक लांबच लांब टेबल मांडलं, त्यावर लाकडी भुशाच्या टेकड्या आणि निळ्या रंगाची नदी केली, आणि शिशाचे सैनिक स्वतः रंगवून उभे केले. तेव्हापासून सगळी संध्याकाळ तिथेच. "माझ्याशी बोलत नाहीत तेवढं त्या बाहुल्यांशी बोलतात," असं सासूबाई येईल-जाईल त्याला सांगत.

समोरून खेळायचे त्यांचे जुने मित्र, मेजर. टेबलाच्या मधोमध जाड हिरवा पडदा. आपलं सैन्य आपल्याला दिसायचं, पलीकडचं नाही. दोन्ही बाजू बघायची मुभा एकट्या पंचाला. विचारलं तर त्यानं 'दिसतंय' किंवा 'दिसत नाही' एवढंच सांगायचं, बाकी तोंड शिवून उभं राहायचं. सून लग्न होऊन आली आणि आठवड्याच्या आत पंच झाली. गप्प उभं राहायला नव्या सुनेला निराळं शिकवावं लागत नाही, त्यामुळे दोघेही तिच्यावर खूश होते. मेजर सतत खोकल्याच्या गोळ्या चघळत. खेळी झाली की बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा वाजवत. टक टक. म्हणजे आता तुमची पाळी.

असाच एक डाव अर्ध्यावर टाकून मेजर गेले. झोपेतच.

कर्नलसाहेबांनी टेबल आवरू दिलं नाही. त्यानंतर महिनाभर त्यांची झोप उडाली होती. घरात येरझाऱ्या घालत, ताटावरून मध्येच उठत. गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाले, "आमची उजवी फळी पडली." आणि हातातला चमचा खाली पडला. तेव्हापासून उजवा हात जड. डॉक्टर म्हणाले, मानेचं दुखणं. सासूबाई म्हणाल्या, टेबलाचं.

सून पोचली तेव्हा ग्रंथालय रिकामं होतं. नकाशाखोलीत एकच दिवा टेबलावर लोंबत होता. गोंदाचा, जुन्या कागदाचा वास. सासरे डाव्या हातात फाशांची चामडी पेटी घेऊन उभे होते.

"बरं झालं आलीस. पंच नव्हता."

"बाबा, आधी गोळी घ्या. आई वाट बघताहेत."

"एवढी खेळी होऊ दे. सेनापती पुलावरून पलीकडे नेतो, की डाव संपला. मग घरी. शब्द देतो."

सेनापती म्हणजे त्यांनी स्वतःसारखा रंगवलेला शिशाचा सैनिक, पांढऱ्या मिशांचा. मेजर त्यावरून त्यांना फार चिडवत. तो पकडला गेला तर डाव संपतो हे सुनेला ठाऊक होतं.

"पलीकडून कोण खेळतंय, बाबा?"

ते फासे खुळखुळवत राहिले. "तू पंच आहेस. जाऊन बघ."

वयानं येणारा हट्ट आहे, स्वतःच दोन्हीकडून खेळत असतील, असं मनाशी म्हणत ती पडद्याला वळसा घालून पलीकडे गेली. आणि थांबली. खोकल्याच्या गोळीचा थंड, झोंबरा वास तिथे दाटून होता. टेबलावर धुळीचा थर होता, त्यावर बोटाचा एकही ठसा नव्हता. तरी मेजरांचं सैन्य जागचं हललेलं होतं. सगळंच्या सगळं. पुलाच्या दोन्ही अंगांना, झाडीआड, दबा धरून बसलेलं. धुळीत त्यांच्या पायांच्या बारीक रेघा उमटल्या होत्या.

ती घाईनं सासऱ्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला.

टक टक.

सासऱ्यांचे दोन्ही हात तिच्या डोळ्यांसमोर होते. डाव्यात पेटी, उजवा नुसता लोंबणारा.

"पुलावर कुणी दिसतंय?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

पुलावर कुणीच नव्हतं. पंचाचं खरं उत्तर एकच होतं, 'दिसत नाही'. त्यांनी पेटी खाली ठेवली आणि डावा हात सेनापतीकडे नेला. सुनेला तो चमचा आठवला. त्या घरात तिला नावानं हाक मारणारा, 'जेवलीस का' विचारणारा हा एवढाच माणूस होता.

"बाबा... पुलावर जाऊ नका."

खोलीतला वास एकदम वाढला. सासरे तिच्याकडे वळले.

"हे काय केलंस तू..."

"मला भीती वाटली."

"पंचानं बाजू घेतली की तो पंच राहत नाही, बाळ."

"मग कोण राहतो?"

त्यांनी सेनापतीला उचलून टेकडीमागे ठेवलं, पार मागे. उजव्या हातानं उचललं होतं, हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. त्यांनी बोटं उघडमिट करून पाहिली. मग गोळी घेतली, दिवा मालवला आणि दाराकडे निघाले.

सून पर्स घ्यायला वळली. खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात तिला पूल दिसला. त्यावर आता कुणीतरी उभं होतं. शिशाची एक छोटी बाई, हातात डबी, अंगात मोहरीच्या रंगाचा स्वेटर. तिनं बोट लावलं. रंग ओला होता.

घरी सासूबाईंना स्वर्ग दोन बोटं उरला. कर्नलसाहेब उजव्या हातानं जेवत होते, दुसऱ्यांदा वाढून घेत होते. "बघ, सुनेचं ऐकतात," असं त्या मुलाला सांगत होत्या. नवराही तिच्याकडे कौतुकानं बघून हसला. सून मोरीत उभी राहून बोट घासत होती. साबणानं झालं, मग रॉकेलनं. पिवळा डाग जाईना. उलट पेरापासून खाली सरकला होता, आणि तेवढं बोट गार पडलं होतं, शिशासारखं.

ती येऊन ताटावर बसली. कुणीच काही वाजवलं नव्हतं, सगळ्यांचे हात ताटात होते. तरी जेवणाच्या टेबलाखालून, अगदी तिच्या पायाशी, आवाज आला.

टक टक.

नवरा आणि सासूबाई बोलतच राहिले. सासऱ्यांनी मात्र मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं.

"आता तुझी पाळी," ते हळूच म्हणाले.