आगीची चिमूट

स्वयंपाकघराच्या दारात गिटला वळली, ती थेट त्याच्यावर आदळली. बादली कलंडली, बटाटे चिखलात गडगडले... आणि तो चक्क हसला! निळे डोळे, सोनेरी केस, गालाला खळी.

लढाई संपून वर्ष झालं होतं. जर्मनीतल्या त्या छावणीत मरणाच्या दारातून परतलेले ज्यू राहत होते. तिथे इतक्या धडधाकट माणसाचा संशयच यायचा.

"मी लेझर. बटाटे सोलायला पाठवलंय."

"लढाईभर कुठे होता?"

"आधी नाव तरी सांगा, मग उलटतपासणी घ्या!"

"गिटला. आता सांगा."

तो वाकून बटाटे गोळा करू लागला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाचे, दिवे लागले. सगळे पुरुष डोकं झाकून प्रार्थनेला उभे होते आणि या पठ्ठ्यानं आत येताच टोपी काढली... चर्चमध्ये काढतात तशी! मग दचकून पुन्हा घातली. पाहिलं ते फक्त गिटलानं.

"अगं, नाझी तुरुंगांचे पहारेकरीसुद्धा आपली ज्यू नावं लावून लपतात म्हणे," शेजारच्या खाटेवरची पेर्लामावशी कुजबुजली. "छावणीच्या समितीला सांग. एका शब्दात उचलतील."

आईला ज्यांनी नेलं, त्यांच्यातलाच असला तर? गिटलाच्या अंगावर काटा आला. आणि नसला तर—? गाल तापले. मन मेलं कुणाचं ऐकतं!

पुढच्या शुक्रवारी तिनं सापळा लावला. शब्बाथचा पाव भट्टीत सारण्याआधी कणकेची एक चिमूट आगीला द्यायची, हे ज्यू घरातल्या पोराटोरालाही ठाऊक. तिनं मुद्दाम चिमूट न काढताच पाव उचलला.

"थांबा!" लेझर हातातली सुरी टाकून धावला. "आगीची चिमूट राहिली! आई ती मला टाकायला द्यायची..."

"मग त्या दिवशी टोपी का काढलीत?"

"तीन वर्षं एका ख्रिश्चन शेतकऱ्याकडे गडी होतो. बोलेक नावानं. दर रविवारी चर्च. टोपी काढायला विसरलो असतो तर मेलोच असतो. आता हात ऐकत नाहीत, गिटला. आणि मी लेझरच आहे असं सांगणारं... कुणी उरलं नाही."

तिचे डोळे भरून आले. "मी आज तुम्हाला समितीच्या ताब्यात देणार होते."

"माहीत होतं."

"तरी आलात?"

"इतकं निरखून मला दुसरं कोण बघतं इथे?"

"चावट!" तिनं कणकेची चिमूट काढून त्याच्या तळहातावर ठेवली. बोटं जराशी रेंगाळली. "टाक."

त्यानं ती आगीत टाकली. "पटलो ना आता?"

"पूर्ण नाही."

"मग घे संशय. जन्मभर घे... पण माझ्या घरात राहून."

तिनं पाव भट्टीत सारला. मग हळूच म्हणाली, "आईचं नाव काय रे तुझ्या?"

"मालका. का?"

"माझी राखेल. गेलेल्यांचीच नावं लेकरांना द्यायची ना आपल्यात? पहिलीचं नाव राखेल. आधीच सांगून ठेवते."

"आणि मालका?"

"दुसरीचं," गिटला म्हणाली, आणि एप्रनमध्ये तोंड लपवून रडू लागली.