विमानाच्या वाटेखालचं वावर

कापूस वेचता वेचता सगुणानं वर पाहिलं आणि ओटीतला निम्मा कापूस भुईवर सांडला. टेंभुर्णीवरून विमान चाललं होतं.

"मुंबईहून निघालंय. कलकत्त्याला चाललंय," बांधावरून आवाज आला.

शेजारच्या झुंबरबाईंचा भाचा, धर्मराज! कलकत्त्याच्या विमानतळावर बिनतारी यंत्रावर नोकरीला होता, सुट्टीवर आला होता.

"तुम्हाला त्यानं सांगितलं का?"

"रोज मलाच सांगतं. कुठवर आलं, किती वेळ लागंल..."

"अन् किती लागतो?"

"हजार मैल. न्याहारी करून मुंबई सोडायची, दिवेलागणीच्या आत कलकत्ता."

"बिलकुल खोटं!"

"खोटं बोलायचं असतं तर... कापूस सांडलेला दिसलाच न्हाई म्हणलो असतो."

तो खाली बसला आणि एकेका बोंडाचा पाचोळा निवडून तिच्या ओटीत टाकू लागला. त्यानंतर बांधाकडची ओळ सगुणाकडून काही लवकर उरकेना.

पण तिच्या वडिलांचा, कडूबांचा, एक नियम होता. न्याहारी करून निघालेली बैलगाडी दिवेलागणीला लेकीच्या दारात पोचली पाहिजे. त्याहून लांब लेक द्यायची नाही. त्यांची बहीण गोजरबाई लांब दिली होती. ती आजारी पडली, आणि कडूबा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून या नियमापुढं कुणी बोलत नसे.

झुंबरबाई धर्मराजला घेऊन मागणी घालायला आल्या, तेव्हा सगुणाच दाराआडून बोलली. "आबा, विमान बी न्याहारी करून निघतं, दिवेलागणीच्या आत पोचतं. बसतंय की तुमच्या नियमात!"

"खरंय का रे?" कडूबांनी विचारलं.

धर्मराजनं दाराकडं पाहिलं. तिचे डोळे सांगत होते — हो म्हणा!

"विमानाचं बराबर आहे, मामा. पण ते टेंभुर्णीतून निघत न्हाई. गाडीनं जालना, आगगाडीनं मुंबई, मंग विमान... तिसरा दिवस उजाडतो."

या खुळ्याच्या डोक्यावर शेणाची पाटी उपडी करावी असं सगुणाला वाटलं. आणि हा माणूस आपल्याला आवडला तो असाच, हेही तिला तेव्हाच कळलं.

कडूबांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"गोजरच्या सासरचे म्हणले होते, जवळच आहे. ती अंथरुणाला खिळली तरी 'बरी आहे, बरी आहे' म्हणूनच सांगावा यायचा. लांबच्या गावानं न्हाई फसवलं मला, माणसांनी फसवलं." त्यांनी डोळे पुसले. "तू लांब म्हणलास. लेकीचं बी खरं तेच कळवशील. दिली लेक."

दुसऱ्या दिवशी सगुणा बांधावर उभीच होती.

"अन् आबा न्हाई म्हणले असते तर?"

"तर पुढच्या सुट्टीत पुन्हा आलो असतो."

"कधी?"

"निघालो की... तिसऱ्या दिवशी."

ती एवढी हसली की ओटी पुन्हा सांडली. डोक्यावरून विमान घरघरत गेलं. दोघांपैकी कुणीही वर पाहिलं नाही.