टेम्पचं स्टूल

अमळनेरला दुपारी लाइट गेली की प्रेमराज पोरांना खाली आवारात रांगेत उभं करायचा. ही शिक्षा नव्हती, प्रोग्रामिंग होतं. क्लास एका जुन्या तेलगोदामाच्या माडीवर होता. इन्व्हर्टर होता, पण तो ऑफिसातल्या पंख्यापुरता, आणि ऑफिसात कुणी बसत नसे. त्या इमारतीत सुखात असा तो एक पंखाच होता. मग कॉम्प्युटर बंद पडले की प्रेमराज पोरांचेच आकडे करायचा आणि त्यांना उंचीप्रमाणे क्रमाने लावायचा. वर्षानुवर्षं हेच. पोरं बदलायची, उंच्या साधारण त्याच असायच्या.

तो धुळ्याहून एसटीने ये-जा करायचा. गाडीत मोबाइलवर गेम, घरी जेवताना सिनेमा, शक्यतो भुताचा. भुतांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. त्यांच्यामागे निदान सिलॅबस नसतो. त्याची तक्रार माणसांबद्दल होती. तळघरातून आवाज आल्यावर ही मंडळी सरळ आपापल्या घरी का जात नाहीत, हे त्याला कधी कळलं नाही. गेम बरा. पुढच्या दारात पाय टाकण्याआधी तिथे सेव्ह तरी करता येतं.

आवारातल्या कवायतीचा नियम एकच होता. "कॉम्प्युटर डोकं लावत नाही, तुम्हीही लावू नका. मी सांगेन तेवढंच करा." पोरं हा नियम मनापासून पाळायची.

दोघांच्या जागा बदलायच्या असल्या की मध्ये एक रिकामं स्टूल लागायचं. त्याचं नाव टेम्प. "एका पेल्यात चहा, दुसऱ्यात ताक. अदलाबदल करायची तर तिसरा रिकामा पेला लागतो. स्टूल म्हणजे तो पेला." एकाने स्टूलवर बसायचं, दुसऱ्याने त्याच्या मोकळ्या जागी जायचं, मग स्टूलवरच्याने उठून उरलेली जागा घ्यायची.

डोकं लावायची ती एकटी रुखसार. रहीमभाई गादीवाल्यांची एकुलती एक मुलगी, डावखुरी, वेणीत कापसाचा एखादा पुंजका कायम अडकलेला.

"सर, टेम्प नसला तर?"

"कॉम्प्युटर ओतत नाही, नक्कल करतो. टेम्प नसला तर दोन्ही जागी एकच माल येतो. दुसरा गेला."

"आणि काम झाल्यावर टेम्पमध्ये काय राहतं?"

"ते परीक्षेत येत नाही."

तिने प्रश्न विचारला की आपण शिक्षक आहोत हे प्रेमराजला आठवायचं. बाकी दिवसभर तो शाळेची घंटा होता, टोला पडला की वाजायचा.

त्या दिवशी लाइट गेली, रांग लागली आणि झाडलोट करणाऱ्या बेबाबाई माडीवरची जाळी काढायला स्टूल उचलून निघाल्या.

"स्टूल माले लागस, सर. वरलं जायं बठ्ठं काढानं शे."

ऊन डोक्यावर होतं. आदल्या रात्री त्याने सिनेमा शेवटपर्यंत बघितला होता. वाद घालायचं त्याच्या अंगात नव्हतं.

"सर, मला शून्य करा ना," जीवराम म्हणाला, "बसून राहतो."

"तू आहेसच. रांगेत राहा."

पहिल्या जागी रत्ना, उंच. दुसऱ्या जागी रुखसार, बुटकी. जागा बदलायला हव्या होत्या. प्रेमराजने डोळे मिटून, रोज फळ्यावर लिहितो तसंच, फक्त टेम्पची ओळ गाळून म्हटलं, "दुसऱ्या जागी पहिलीतलं ठेवा. आता पहिल्या जागी दुसरीतलं ठेवा. झालं."

लाइट आली. पोरं धडाधडा जिना चढली.

वर त्याला आधी वाटलं, ऊन लागलंय. रत्ना टाइप करत होती. तिच्या शेजारच्या मशीनवरही रत्ना टाइप करत होती. दोघींच्या एकाच बोटाला पट्टी होती. दोघी एकदमच शिंकल्या.

"जीवराम, ही कोण?"

"रत्ना, सर."

"आणि ती?"

"रत्नाच. दोघी पहिल्यापासून आहेत ना, सर."

"दोघींचं नाव एकच कसं?"

"ते त्यांच्या पप्पांना विचारा. माझ्याकडे का बघताय?"

"रुखसार कुठे आहे?"

"कोण, सर?"

कुणी हसलं नाही. पोरं मस्करी करत असली की शेवटच्या बाकावरून हसू फुटतंच, हा त्याचा अनुभव होता.

क्लास सुटला तेव्हा रहीमभाई फाटकापाशी मोपेड लावून उभे होते, रोजच्यासारखे.

"कुणाला न्यायला आलात, भाई?"

रहीमभाईंनी मागच्या सीटकडे पाहिलं. खिशातून रुमाल काढून ती पुसली.

"तेच आठवत नाही, सर. क्लास सुटायची वेळ झाली की गाडी इकडेच वळते. आम्हाला तर लेकरूच नाही. घरवाली हसीना हसते मला, म्हणते, पेट्रोल फार झालं का." त्यांनी रुमालाची घडी घातली. "सर, मी कशाला येतो?"

रहीमभाईंनी सलाम केला आणि ते एकटेच गेले.

ते दुसऱ्या दिवशी आले, त्यानंतरही येत राहिले. रोज सीट पुसायचे. प्रेमराजने एसटीतला गेम सोडला. पडद्यावरच्या माणसाला त्याने केव्हाच सांगितलं असतं की बाबा, नोकरी सोड, घरी जा. स्वतः तो दररोज अमळनेरची गाडी पकडत होता आणि लाइट जायची वाट बघत होता.

गेली एकदाची. या वेळी त्याने स्टूल आधीच धरून ठेवलं होतं. दोन्ही रत्नांना उभं करून टेम्प वापरून, अगदी नियमाने जागा बदलल्या. रत्नाच्या जागी रत्ना आली.

त्याला ते ठाऊक होतं. पुसलं गेलेलं परत येत नाही. दुसरीकडे कुठे नक्कल असली तरच.

नक्कल एकाच ठिकाणी होती.

तो स्टूलवर बसला.

"सर, तुम्ही टेम्प?" जीवराम म्हणाला.

"मी टेम्प."

त्याने डोळे मिटले. कापसाचा पुंजका. डावा हात. वहीवर शाई पुसत जाणारी करंगळी. 'नसला तर?' म्हणताना किंचित वर जाणारी हनुवटी. एवढंच आठवेल असं त्याला वाटलं होतं. पण मग गादीच्या दुकानातला पिंजलेल्या कापसाचा वास आठवला. त्या दुकानात तो कधीच गेला नव्हता.

"दुसऱ्या जागी," तो म्हणाला, "टेम्पमधलं ठेवा."

"सर," दुसरी रत्ना हळूच म्हणाली, "मग मी कुठे जाईन?"

आवारात वारा नव्हता.

"सर, टेम्प नसला तर?"

त्याने डोळे उघडले. रुखसार हनुवटी वर करून उभी होती. तिच्या शेजारी रत्ना होती, एकच.

लाइट आली. पोरं धडाधडा जिना चढली.

क्लास सुटला तेव्हा रहीमभाई फाटकापाशी होते. त्यांनी आज सीट पुसली नाही. "चल बेटा, उशीर झाला," म्हणाले, आणि रुखसार वेणी सावरत मागे बसली. प्रेमराजकडे बघून तिने हात हलवला.

तो अजून स्टूलवरच होता.

"उठा, सर," बेबाबाई म्हणाल्या. "डोक्याले काय लागनं शे तुमना?"

त्याने डाव्या हाताने केस झाडले. कापूस होता.

मोपेड कोपऱ्यावर वळली. धुळ्याची गाडी लागायची वेळ झाली होती, पण प्रेमराज फाटकापाशी येऊन उभा राहिला, दप्तर छातीशी धरून.

अब्बा आज आपल्याला न घेताच गेले.