डॅविथ गॅमची आर

आखातातल्या हजर पर्वतातल्या त्या वादीत, डोंगरी नदीच्या घळीत, तिघं उतरले ते एका गंजक्या लोखंडी आरेसाठी! सहाशे वर्षांपूर्वी डॅविथ गॅम नावाच्या वेल्श योद्ध्याने घोडा पिटाळायला टाचेला बांधलेली आर, असं गॅरेथच्या घराण्यात सांगत. गॅरेथचे आजोबा तेलाच्या शोधात इथे आले होते. त्यांनीच ती डब्यात घालून एका गुहेत ठेवली होती. तिघं ज्या कंपनीत होते, तिचा गॅरेथ मॅनेजर. वाटाड्या म्हणून त्याने रत्नागिरीचा फोरमन हमदुल्ला घेतला आणि खडकांची जाणकार म्हणून पुण्याची सुचित्रा.

सुचित्राला त्या आरेशी काडीचं देणंघेणं नव्हतं. ऑगस्टमध्ये दुपारच्या कामबंदीच्या वेळात तिच्या धाकट्या भावाला, अथर्वला, कंपनीच्या साइटवर राबवलं आणि तो उन्हाने कोसळला. तो आपणहून उन्हात गेला, असं हमदुल्लाने लिहून दिलं होतं. सोमवारी सुनावणी होती. हा कागद टिकला, तर अथर्वची नोकरी गेलीच! त्याआधी हमदुल्लाला गाठायचं, म्हणून ती आली होती.

"सगळा वेल्स इंग्लंडच्या राजावर उठला होता," गॅरेथ चालता चालता ऐटीत सांगत होता. "डॅविथ मात्र राजाच्या बाजूने लढला. आमच्याच लोकांनी त्याचं घर जाळलं, तरी हटला नाही. फ्रान्सच्या रणात राजासाठी मेला."

"ऐकलंत, हमदुल्लाभाई?" सुचित्रा मराठीत फणकारली. "तुमचाच पूर्वज दिसतोय!"

हमदुल्ला मान खाली घालून पुढे चालू लागला. सुचित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे वादी अरुंद होत गेली. दोन्हीकडे तांबूस-करडे कडे चढले होते आणि डोक्याच्या वर हातभर, खडकावर जुन्या पुराची चिखलरेघ सुकलेली होती. तिच्याही वर गुहेचं तोंड दिसलं. हमदुल्ला मात्र झऱ्यात हात घालून थबकला.

"खलास, साहेब! पाणी गढूळ झालंय. वर डोंगरात पाऊस पडलाय, पूर येईल. यल्ला, वर चढा!"

"दहा मिनिटं! ही ऑर्डर आहे."

"नाही, साहेब."

"आज साहेबांना नाही म्हणता?" सुचित्रा हसली आणि केवळ त्याला खिजवायला गॅरेथच्या मागे वादीतूनच गुहेकडे निघाली. चिखलरेघ तिने पाहिली होती. पण रागाने डोळे फुटले होते!

गॅरेथ डबा घेऊन गुहेतून उतरला आणि गडगड ऐकू आली. दगडांवर दगड आदळत होते. मग पाणी आलं! सुचित्राचे पाय उखडले. गॅरेथ एका खडकाला लटकला.

"हमदुल्ला! इकडे!" तो ओरडला.

एव्हाना उंच कपारीत चढलेल्या हमदुल्लाने दोर फेकला. पण तो गॅरेथकडे नाही, सुचित्राकडे आला! तिने पकडला, ती वर आली. मग दोघांनी तो गॅरेथकडे टाकला.

"डबा सोडा, साहेब! दोन्ही हात द्या!"

पाणी हनुवटीला लागलं. गॅरेथने डबा सोडला. डॅविथची आर गाळात गेली.

धापा टाकत तिघं कपारीत बसले.

"जीव वाचवलात म्हणून माफ केलं नाही मी," सुचित्रा कडाडली. "अथर्वचं काय?"

"माझ्या बायकोचे, हलिमाचे दिवस भरत आले होते, मॅडम. व्हिसा जाईल म्हणून घाबरलो." हमदुल्ला गॅरेथकडे वळला. "साहेब, अथर्वला उन्हात तुम्ही पाठवलंत. सोमवारी मी तेच सांगणार."

"मग इथे तुझं काय होईल, ठाऊक आहे?"

"घर जळेल," हमदुल्ला दोर गुंडाळत म्हणाला. "पण या वेळी आपल्या माणसासाठी."

सुचित्राचा राग उतरला नव्हता. तरी तिने दोराचं दुसरं टोक उचललं आणि म्हणाली, "चला, हमदुल्लाभाई. सोमवारला दोनच दिवस उरलेत."