कारखान्यातली हवा

आमच्या घरात ‘कारखाना’ म्हणजे गाडी ठेवायची खोली. गाडी तिथे कधी शिरलीच नाही. घर घेतलं त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिथे सुतारकामाचं टेबल मांडलं आणि गाडी जन्मभर उन्हात उभी राहिली. बाबा पेशाने सुतार नव्हते, बँकेत होते. पण घरी आले की चहाचा कप घेऊन थेट कारखान्यात. लाकूड एकच, अक्रोड. तोंडाला मास्क लावा म्हणून मी, आई म्हणजे माझ्या सासूबाई, डॉक्टर, सगळे घसा कोरडा होईस्तोवर सांगायचो. “लाकडाने कुणी मरतं का?” म्हणायचे. ते त्यानेच गेले. छातीत बारीक भुसा बसला. शेवटी शेवटी त्यांचा खोकला शेजाऱ्यांनाही पाठ झाला होता: दोन तुटक, एक लांब, आणि मागून बारीक शिट्टी.

मी इस्पितळात एक्स-रे काढते. बाबांचे सगळे मीच काढले. त्यामुळे नवऱ्याने बापाचं टेबल पुसून पाइनच्या फळ्या आणल्या तेव्हा माझं डोकंच फिरलं. थोड्याच महिन्यांत हाही खोकायला लागला.

“एकतर कारखाना बंद, नाहीतर हवा गाळायचं मशीन,” मी बजावलं. “तिसरं काही सुचलं तर माझ्या माहेरी येऊन सांग.”

मशीन आलं. दिसायला लांबट पत्र्याची पेटी. एका टोकाला जाड फिल्टर, त्यामागे कापडी पिशव्यांचा दुसरा, आणि त्यामागे पंखा. छताच्या तुळईला हुक ठोकून ते साखळ्यांनी टांगायचं. कोपऱ्यात नाही, लांब भिंतीला समांतर, म्हणजे खोलीतली हवा गोल फिरत राहते. हे सगळं सोबतच्या माहितीपत्रकात होतं, पण कागद वाचणं म्हणजे आमच्या साहेबांना कमीपणा. आधी कोपऱ्यात टांगलं, मग माझी बोलणी खात परत काढलं.

हे चाललं असताना आई तिथेच वेताच्या खुर्चीत बसून होत्या. बाबा गेल्यापासून त्यांची दुपार कारखान्यातच जायची. समोर बाबांचं स्टूल, हातात विणकाम, आणि तोंडाने गप्पा. “तिथे ह्यांचा वावर आहे,” त्या सरळ सांगायच्या, दूधवाला येऊन गेला म्हणावं तशा. आम्ही कधी वाद घातला नाही. चाळीस वर्षांची सोबत सुटलेल्या बाईला काय शिकवायचं?

पहिल्यांदा फिल्टर साफ करायला काढला तेव्हा मी नवऱ्याला हाक मारली. पाइनचा भुसा पिठासारखा फिकट असतो. फिल्टरवर बसला होता तो गडद तपकिरी, आणि बोटावर घेतला तर अक्रोडाचा तो कडवट वास.

“तुळयांवर साठलेला असेल,” नवरा म्हणाला. मलाही पटलं. मी कागदावर झटकून तो कचऱ्यात टाकला, उरलासुरला तसाच ठेवून फिल्टर ह्याच्या हातात दिला. त्याने बसवला आणि बटण दाबलं. आतल्या पिशव्या अजून बाहेर वाळत होत्या, आणि फिल्टर होता उलटा. भस्सकन सगळा भुसा खोलीभर झाला.

“बाण! चौकटीवर बाण काढलाय तो काय शोभेला?” मी किंचाळले. “बाण पंख्याकडे. उलटा लावलास तर धरलेलं सगळं परत खोलीत येणार!”

नवरा शिंका देत हसत सुटला. आई चष्मा पुसत होत्या. गालांवर तपकिरी थर, आणि चेहरा नव्या नवरीसारखा उजळलेला.

“आज किती दिवसांनी हे खणखणीत बोलले,” त्या म्हणाल्या.

आम्ही तुळया धुतल्या, भिंतींना चुना दिला, जमीन व्हॅक्यूमने ओढून घेतली. पुढच्या सफाईला फिल्टर पुन्हा तपकिरी. त्याच्या पुढच्यालाही. अक्रोडाचा तुकडासुद्धा कारखान्यात उरला नव्हता, शेवटच्या फळीचं बाबांनी आईंना विणकामाचं खोकं करून दिलं होतं. मी एक्स-रेमध्ये दिसतं तेवढंच मानणारी बाई. कुठून तरी येत असेल, म्हणून सोडून दिलं. कारण खरी गोष्ट दुसरीच होती: नवऱ्याचा खोकला उतरत होता. रात्री तो कूस न बदलता झोपायला लागला होता आणि मी देवाचे आभार मानत होते.

आई मात्र गप्प होत गेल्या. एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, “ह्यांचं बोलणं हल्ली नीट ऐकू येत नाही.” मग एकदा, “आज नुसते हात होते गं. रंधा धरतात ना, तसे.”

“फिल्टरमधलं तू कुठे टाकतेस?” त्यांनी विचारलं.

“कचऱ्यात, आई.”

त्यांनी मान हलवली आणि उरलेली भाजी निवडली. त्या दिवसापासून फिल्टर त्याच झटकायला लागल्या. वर्तमानपत्रावर झटकायच्या, नरसाळ्याने काचेच्या बरणीत भरायच्या, झाकण घट्ट लावायच्या. मी बघून न बघितल्यासारखं केलं. मशीन बंद करा असं त्यांनी कधी म्हटलं नाही आणि मीही ते बंद केलं नाही. एका बाजूला माझ्या नवऱ्याची छाती होती.

मग नवरा पुस्तकांचं कपाट पोचवायला परगावी गेला तो दिवस. मी ड्यूटी संपवून दुपारी घरी आले तर फाटकापासूनच मशीनची घरघर ऐकू येत होती. सगळ्यात वरच्या वेगावर. कारखान्याच्या दाराखाली आतून टॉवेल कोंबलेला.

दार ढकललं. समोरची भिंत दिसेना. खोलीभर तपकिरी धुकं फिरत होतं, गोल, संथ. वर पेटी उघडी. फिल्टर होता, पण उलटा, बाण पंख्याकडे नाही, माझ्याकडे. कापडी पिशव्या काढून घडी करून टेबलावर ठेवलेल्या. ज्या बाईला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही, तिने हे केलं होतं.

आई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मांडीवर रिकामी बरणी. डोळे मिटलेले. आणि त्या श्वास घेत होत्या. खोल, सावकाश, आपण व्यायामाला घेतो तसा.

“आई! काय करताय हे? बाहेर चला आधी!”

“थांब गं,” डोळे न उघडता त्या म्हणाल्या. “थोडेच राहिलेत हे.”

मी धावत जाऊन बटण बंद केलं.

पंखा थांबला. धुकं खाली बसायला हवं होतं. बसलं नाही.

ते विरळ होत गेलं. आईंच्या एकेका श्वासाबरोबर.

आधी घड्याळ दिसलं. मग करवती. मग समोरचं स्टूल.

मी टेबलावर बोट फिरवलं. स्वच्छ.

“त्याला इथे काम करायचंय,” आई म्हणाल्या, “त्याची छाती वाचायला हवी. तुझं बरोबरच आहे. पण ह्यांना काय कचऱ्याच्या गाडीत घालायचं? कुठेतरी ठेवायला नको?”

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माया. जमिनीवर बसून त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या श्वासाला अक्रोडाचा वास होता.

त्यानंतर फिल्टरवर फिकट भुसाच येतो. नवरा आता एकदाही खोकत नाही. आई कारखान्यात फिरकत नाहीत. आपल्या खोलीत विणत, हसत बसतात. त्यांना इतकं खुशीत मी बाबा असतानाही पाहिलं नव्हतं.

परवा जेवताना त्यांना खोकला आला. दोन तुटक, एक लांब. मागून बारीक शिट्टी. नवऱ्याच्या हातातला घास तसाच राहिला.

आज सकाळी मी त्यांना इस्पितळात घेऊन गेले. मशीनपुढे उभं केलं, खांदे सरळ केले.

“खोल श्वास घ्या, आई. आता रोखा.”

चित्र पडद्यावर आलं. बरगड्या पेन्सिलीने काढल्यासारख्या रेखीव. आतली फुप्फुसं मात्र फिसकटलेली, रुग्णाने श्वास चालू ठेवला की येतात तशी.

“परत काढू. रोखा.”

ह्या वेळी मी काचेतून त्यांच्याकडेच बघत राहिले. ओठ घट्ट मिटलेले. छाती हलत नव्हती. आणि त्या बंद खोलीतून माझ्या बाजूच्या स्पीकरवर शिट्टीचा श्वास येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

दुसरं चित्रही तसंच आलं.

“आई, श्वास रोखायचा असतो,” मी म्हणाले.

“मी रोखला होता गं,” शालीचं टोक सारखं करत त्या म्हणाल्या. “पण ह्यांनी कधी कुणाचं ऐकलंय?”